चटणीच्या गिऱ्हाइकांचे नंबर आणि फोनमधल्या परवानग्या

वाचकाचं पत्र:
मंगळवार पेठेत माझा घरगुती कांदा-लसूण चटणी आणि मसाल्यांचा व्यवसाय आहे. ऑर्डर व्हॉट्सअ‍ॅपवर येतात, पैसे यूपीआयवर. चारशेच्या आसपास गिऱ्हाइकांचे नंबर फोनात आहेत. गेल्या महिन्यात शेजारच्या काकांना व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका म्हणून एक फाइल आली. त्यांनी ती उघडली आणि दुसऱ्या दिवशी खात्यातले पैसे गेले. मी इतकी घाबरले की भाच्याला बसवून सगळ्या अ‍ॅपच्या सगळ्या परवानग्या बंद केल्या. मग व्हॉइस मेसेज जाईना, व्हॉट्सअ‍ॅपची रिंग वाजेना, गिऱ्हाइकांची नावं जाऊन नुसते नंबर दिसायला लागले आणि यूपीआय उघडेना. दोन दिवसांत परत सगळं चालू केलं. आता नक्की काय बंद ठेवू आणि काय चालू? फोन आपलं बोलणं ऐकतो का, तेही सांगा. परवा मैत्रिणीशी मिक्सरबद्दल बोलले आणि तासाभरात मिक्सरची जाहिरात आली. फोन अँड्रॉइड १४ आहे. जुना फोन भाचीला द्यायचा आहे, तो कसा साफ करायचा?
– एक वाचक, कोल्हापूर

ताई,

आधी काकांच्या फोनात काय झालं असणार ते बघू. तुमच्या निम्म्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

लग्नपत्रिका एक तर फोटो असते नाही तर पीडीएफ. काकांना आलेल्या फाइलच्या नावाच्या शेवटी बहुतेक ‘डॉट एपीके’ असणार. एपीके म्हणजे अख्खं अ‍ॅप. त्यावर बोट ठेवलं की ते लगेच सुरू होत नाही. फोन आधी अडवतो आणि सांगतो की व्हॉट्सअ‍ॅपमधून अनोळखी अ‍ॅप बसवायला परवानगी नाही. तिथंच ‘सेटिंग्ज’ असं बटण असतं. ते दाबलं की ‘अलाऊ फ्रॉम धिस सोर्स’ असा खटका दिसतो. तो चालू केला की ‘इन्स्टॉल’ येतं. त्यानंतर बऱ्याचदा प्ले प्रोटेक्ट हा गुगलचा पहारेकरीही इशारा देतो आणि माणूस तोही ओलांडतो. शेवटी अ‍ॅप उघडतं आणि एसएमएसची परवानगी मागतं. पत्रिका बघायची घाई असते, म्हणून तिथंही ‘अलाऊ’ दाबलं जातं. अँड्रॉइडमध्ये एसएमएसची परवानगी एकत्र मिळते. मेसेज वाचताही येतात आणि तुमच्या नंबरवरून पाठवताही येतात. एवढं हातात आलं की बँकेचा ओटीपी काकांच्या आधी चोराला दिसतो. पुष्कळदा अशा अ‍ॅपचं चिन्हही स्क्रीनवरून गायब होतं, त्यामुळे फोनात काही बसलंय हे कळतच नाही. हेच अ‍ॅप आरटीओचं चलन, वीजबिल, सरकारी योजनेची यादी अशा नावांनीही फिरतं.

यात कॅमेरा कुठे आला नाही, मायक्रोफोनही नाही. लोकांना भीती या दोघांची वाटते आणि पैसे जातात एसएमएसच्या वाटेनं. म्हणून सगळ्या परवानग्या एका मापानं मोजू नका. मोजक्या परवानग्या खरोखर धोक्याच्या आहेत, त्या आज रात्रीच तपासा. बाकीच्यांसाठी प्रत्येक अ‍ॅपला एकच प्रश्न विचारा: मी तुला ज्या कामासाठी घेतलं, त्या कामाला हे लागतं का?

तपासणीला अर्धा-पाऊण तास लागेल. फोन चार्ज असू द्या. सेटिंग्ज उघडून वरच्या शोधाच्या पट्टीत ‘परमिशन मॅनेजर’ असं टाइप करा. प्रत्येक कंपनीच्या फोनात हा रस्ता थोडा वेगळा असतो. कुठे ‘सिक्युरिटी अँड प्रायव्हसी’च्या आत, कुठे ‘प्रायव्हसी’मध्ये. शोधून उघडणं सगळ्यांत सोपं. इथे अ‍ॅपची यादी नसते, परवानग्यांची असते: कॅमेरा, कॉल लॉग, कॉन्टॅक्ट्स, लोकेशन, मायक्रोफोन, फोन, एसएमएस वगैरे. एकेक अ‍ॅप उघडून तपासण्यापेक्षा हे बरं, कारण ‘माझे मेसेज कोण कोण वाचू शकतं’ हे एका नजरेत दिसतं.

पहिल्यांदा एसएमएस उघडा. परवानगी असलेल्यांत तुमचं मेसेजचं अ‍ॅप, फोनची स्वतःची एखाद-दोन अ‍ॅप आणि यूपीआय किंवा बँकेचं अ‍ॅप एवढीच नावं दिसायला हवीत. प्ले स्टोअरनं २०१९ पासूनच एसएमएस आणि कॉल लॉगवर कडक बंधनं घातली आहेत. ज्याचं मुख्य काम त्यावाचून होत नाही, त्यालाच ही परवानगी मागता येते. म्हणून फोटोचं, गेमचं, कॅलेंडरचं किंवा ओळखू न येणाऱ्या नावाचं काही त्या यादीत दिसलं, तर नुसती परवानगी काढून थांबू नका, ते अ‍ॅपच काढा.

काही परवानग्या परमिशन मॅनेजरमध्ये दिसत नाहीत. त्यांना वेगळं दालन आहे आणि ते लोक सहसा बघत नाहीत. सेटिंग्ज, मग अ‍ॅप्स, मग ‘स्पेशल अ‍ॅप अ‍ॅक्सेस’. तिथे ‘इन्स्टॉल अननोन अ‍ॅप्स’ उघडा आणि व्हॉट्सअ‍ॅप, क्रोम, फाइल मॅनेजर सगळ्यांसमोर ‘नॉट अलाऊड’ करा. तुम्हाला लागणारी सगळी अ‍ॅप प्ले स्टोअरवर आहेत, त्यामुळे हे बंद ठेवल्यानं तुमचं काहीही अडत नाही. काकांच्या बाबतीत पहिलं दार हेच उघडलं. त्याच दालनात ‘डिव्हाइस अ‍ॅडमिन’ बघा. ही फोन लॉक करायची किंवा पुसायची मुभा असलेल्यांची यादी. ‘फाइंड हब’ (आधीचं ‘फाइंड माय डिव्हाइस’) सोडून अनोळखी नाव तिथे नको. ‘डिस्प्ले ओव्हर अदर अ‍ॅप्स’ म्हणजे दुसऱ्या अ‍ॅपच्या वर आपली खिडकी मांडायची मुभा. ही मुभा असलेलं अ‍ॅप बँकेच्या स्क्रीनवर खोटा स्क्रीन ठेवू शकतं. ‘नोटिफिकेशन अ‍ॅक्सेस’ असलेलं अ‍ॅप वर येणारी प्रत्येक सूचना वाचतं. ओटीपीही सूचनेतच दिसतो, म्हणून एसएमएसची परवानगी नसली तरी तो वाचला जातो. इथे स्मार्टवॉचचं अ‍ॅप असेल तर ठीक, बाकीची बंद करा.

सगळ्यांत जड परवानगी म्हणजे ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’. ती सेटिंग्जमध्ये याच नावानं वेगळी असते, आत ‘डाउनलोडेड अ‍ॅप्स’ किंवा ‘इन्स्टॉल्ड अ‍ॅप्स’ दिसतं. दृष्टिहीनांना स्क्रीन वाचून दाखवण्यासाठी, ज्यांचे हात चालत नाहीत त्यांच्या वतीनं बटणं दाबण्यासाठी ही सोय केली आहे आणि त्यांच्यासाठी ती फार मोलाची आहे. पण जे अ‍ॅप स्क्रीन वाचू शकतं आणि बटण दाबू शकतं, ते तुमच्या नावानं पैसेही पाठवू शकतं. अँड्रॉइड १३ पासून बाहेरून बसवलेल्या अ‍ॅपसाठी हा खटका करडा होऊन अडकतो आणि ‘रिस्ट्रिक्टेड सेटिंग’ असं लिहून येतं. तेव्हा ठग फोनवर सांगतो, ‘अ‍ॅप इन्फोमध्ये जा, वरचे तीन ठिपके दाबा, अलाऊ रिस्ट्रिक्टेड सेटिंग्ज करा.’ हे वाक्य ज्याच्या तोंडून ऐकाल, त्याचा फोन तिथेच कट करा. कुठल्याही बँकेला, वीज कंपनीला, कुरिअरवाल्याला तुमच्याकडून हे करून घ्यायची गरज नसते. ‘कस्टमर केअर’च्या नावाखाली स्क्रीन शेअर करायचं अ‍ॅप बसवायला सांगणाऱ्यालाही हीच वागणूक द्या.

काकांना सांगायला आणि तुम्हीही लक्षात ठेवायला: असं अ‍ॅप बसलंय हे कळल्या क्षणी मोबाइल डेटा आणि वायफाय बंद करायचं, एअरप्लेन मोड लावला तरी चालेल. मग दुसऱ्या फोनवरून बँकेला फोन करून यूपीआय, नेट बँकिंग आणि कार्ड बंद करायला सांगायचं. लगेच १९३० वर तक्रार करायची. हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय क्रमांक आहे. पैसे एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात सरकण्याआधी तक्रार गेली तर रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त, म्हणून इथे तासांना किंमत आहे. तक्रार क्रमांक लिहून ठेवा. तो घेऊन सायबर पोलीस ठाण्यात किंवा जवळच्या ठाण्यात जाता येतं. त्यानंतर अ‍ॅप काढायचं. ‘अनइन्स्टॉल’ करडं दिसत असेल, तर आधी अ‍ॅक्सेसिबिलिटी आणि डिव्हाइस अ‍ॅडमिनमधून त्याला बाहेर काढावं लागतं. तेही होऊ देत नसेल, तर पॉवरचं बटण दाबून स्क्रीनवरच्या ‘पॉवर ऑफ’वर बोट धरून ठेवा. बहुतेक फोनांत सेफ मोड येतो आणि त्यात बाहेरची अ‍ॅप चालत नाहीत, मग ते निघतं. मेसेजचं डिफॉल्ट अ‍ॅप कोणतं आहे, फोनच्या सेटिंग्जमध्ये कॉल फॉरवर्डिंग कुठल्या नंबरला लागलंय का आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मध्ये अनोळखी यंत्र आहे का, हे तिन्ही बघायचं. आणि एवढं झाल्यावरही फोटो बाजूला काढून फोन फॅक्टरी रीसेट करणं, म्हणजे सगळं पुसून नव्यासारखा करणंच शहाणपणाचं. पासवर्ड आणि पिन बदलायचे ते दुसऱ्या फोनवरून, त्याच फोनवरून नव्हे.

आता तुमच्या धंद्याकडे येऊ.

सगळं बंद केल्यावर व्हॉइस मेसेज का गेला नाही? अँड्रॉइड ११ पासून असा नियम आहे की एखाद्या परवानगीला दोनदा ‘डोन्ट अलाऊ’ म्हटलं, की अ‍ॅपला ती पुन्हा विचारता येत नाही. म्हणून अ‍ॅप गप्प राहतं आणि आपल्याला वाटतं की ते बिघडलं. अशा वेळी अ‍ॅपच्या चिन्हावर बोट दाबून धरा, ‘अ‍ॅप इन्फो’ किंवा ‘आय’चं चिन्ह दाबा, ‘परमिशन्स’मध्ये जा आणि हवी ती एकच चालू करा. अ‍ॅप काढून परत टाकायची गरज नाही.

व्हॉट्सअ‍ॅपला तुमच्यासाठी मायक्रोफोन आणि कॅमेरा ‘अलाऊ ओन्ली व्हाइल यूजिंग द अ‍ॅप’ असा द्या, म्हणजे फक्त वापरताना. नोटिफिकेशन चालू ठेवा. तुमची रिंग वाजत नव्हती ती यामुळेच. अँड्रॉइड १३ पासून सूचना दाखवणं हीसुद्धा वेगळी परवानगी आहे आणि ती काढली की ऑर्डर येऊन पडते पण कळत नाही. तरीही रिंग उशिरा येत असेल, तर अ‍ॅप इन्फोमध्ये बॅटरी ‘रिस्ट्रिक्टेड’ आहे का ते बघा. कॉन्टॅक्ट्सची परवानगी दिली तरच नावं दिसतील. चारशे गिऱ्हाइकं नंबरावरून ओळखणं शक्य नाही, तेव्हा ती द्या. लोकेशन मात्र बंद ठेवा. एखाद्याला घराचा पत्ता नकाशावर पाठवायचा असेल, त्या वेळी ‘ओन्ली धिस टाइम’ द्या. काम झाल्यावर ती आपोआप जाते.

यूपीआय अ‍ॅपला एसएमएस आणि फोन या परवानग्या लागतातच. हे सिम खरंच याच फोनात आहे, याची खात्री करायला ते तुमच्या नंबरवरून एक मेसेज पाठवतं. त्या काढल्या म्हणून तुमचं उघडलं नाही. लोकेशनशिवायही बरीच यूपीआय अ‍ॅप पुढे जाऊ देत नाहीत, तिथे ‘व्हाइल यूजिंग’ द्या. कॅमेरा क्यूआरसाठी. कॉन्टॅक्ट्स न देताही नंबर टाकून किंवा क्यूआरनं पैसे घेता-देता येतात.

कॉन्टॅक्ट्सची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी. तुमच्या पत्रात मला सगळ्यांत जास्त काळजी वाटली ती त्या चारशे नंबरांची.

बहुतेक अँड्रॉइड फोनांत कॉन्टॅक्ट्सची परवानगी दिली की अख्खी वही हातात जाते, त्यात निवडानिवड नसते. आणि तुमच्या वहीत नुसते नंबर नसणार. ‘शिंदे वहिनी राजारामपुरी लसूण कमी’, ‘पाटील सर बावडा मुलगी पुण्याला’, ‘डंकवाले’ अशी नावं असतात, कारण लक्षात ठेवायची तीच सोपी पद्धत. म्हणजे कोण कुठे राहतं, घरी कोण आहे, हेही त्यात आलं. तुम्ही अनोळखी नंबरचं नाव दाखवणाऱ्या एका कॉलर आयडीच्या अ‍ॅपला ‘हो’ म्हणता, तेव्हा ते ‘हो’ शिंदे वहिनींच्या वतीनंही म्हटलं जातं आणि त्यांना कुणी विचारलेलं नसतं. तुमची परवानगी तुम्ही नंतर काढू शकता, पण एकदा कंपनीच्या सर्व्हरवर चढलेली वही परवानगी काढल्यानं खाली उतरत नाही. म्हणून क्रम असा ठेवा: आधी त्या अ‍ॅपच्या आतून खातं आणि माहिती ‘डिलीट’ करायची विनंती द्या, मग परवानगी काढा, मग अ‍ॅप काढा. नुसतं अ‍ॅप काढल्यानं खातं पुसलं जात नाही. नको असलेले फोन ओळखायला फोनच्याच डायलरमधलं स्पॅम ओळखणं बहुतेकांना पुरतं.

वहीत एक गोष्ट आत्ताच शोधा. एटीएमचा पिन, नेट बँकिंगचा पासवर्ड किंवा आधारचा नंबर एखाद्या नावाखाली फोन नंबरासारखा लिहून ठेवलाय का? असं करणारी माणसं खूप आहेत. ते आज पुसा आणि तो पिन बदला.

कर्ज देणारी अ‍ॅप हा या वहीचा सगळ्यांत वाईट वापर. उन्हाळ्यात मिरची एकदम भरायला पैसे लागतात आणि ‘पाच मिनिटांत वीस हजार’ असं कुणीतरी दाखवतं. हप्ता चुकला की हेच लोक वहीतल्या प्रत्येकाला फोन करून तुमची बदनामी करतात, गॅलरीतले फोटो विद्रूप करून पाठवतात. रिझर्व्ह बँकेनं २ सप्टेंबर २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट सांगितलं आहे की कर्जाच्या अ‍ॅपनं फोनमधल्या फाइल, फोटो, कॉन्टॅक्ट्स, कॉल लॉग यांना हात लावू नये. केवायसीपुरता कॅमेरा, मायक्रोफोन किंवा लोकेशन एकदाच, तेही तुमची स्पष्ट संमती घेऊन. प्ले स्टोअरनंही ३१ मे २०२३ पासून कर्जाच्या अ‍ॅपना कॉन्टॅक्ट्स आणि फोटो मागायला बंदी केली. तेव्हा कर्जाचं अ‍ॅप कॉन्टॅक्ट्स मागत असेल, तर ते नियमात बसत नाही हे तिथेच ठरलं. अर्ज भरू नका.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात तर नेमकं हेच उदाहरण दिलं आहे. एक बाई डॉक्टरी सल्ल्याचं अ‍ॅप घेते, ते अ‍ॅप उपचारासाठी माहिती मागतं आणि कॉन्टॅक्ट्सही मागतं, ती दोन्हीला हो म्हणते. कायदा म्हणतो, कॉन्टॅक्ट्सची यादी उपचाराला लागत नाही, म्हणून तिची संमती उपचारापुरतीच धरली जाईल. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि कंपन्यांवरची बंधनं टप्प्याटप्प्यानं लागू व्हायची आहेत. तोवर आणि त्यानंतरही, वही बंद ठेवणं तुमच्याच हातात आहे.

फोटोंकडे वळू. गॅलरीत चटणीच्या बरण्यांचे फोटो आहेत, त्यांची चिंता नाही. पण त्यांच्याच मध्ये पासबुकाचं पहिलं पान, आधार, पॅन, मुलाची मार्कशीट हेही असतं, आणि ‘अलाऊ ऑल’ दिलं की हे सगळं दिलं. तुमच्या अँड्रॉइड १४ मध्ये फोटो मागणाऱ्या अ‍ॅपसमोर ‘सिलेक्ट फोटोज’ असा पर्याय येतो. लेबलचं डिझाइन करायच्या अ‍ॅपला बरणीचे दोन फोटो निवडून द्या, बाकी गॅलरी त्याला दिसतच नाही. आधीच दिलेल्या अ‍ॅपना परमिशन मॅनेजरमध्ये ‘फोटोज अँड व्हिडिओज’मधून मागे घ्या. कागदपत्रांचे फोटो गुगल फोटोजच्या ‘लॉक्ड’ फोल्डरमध्ये हलवा, नाही तर डिजिलॉकर वापरा. लॉक्ड फोल्डरमधल्या फोटोंचा बॅकअप चालू आहे का ते तिथेच बघून घ्या, नाही तर फोन गेला की तेही गेले. कुणाला आधार द्यावंच लागलं, तर मास्क केलेलं द्या. त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

लोकेशनमध्ये दोन वेगळे खटके असतात आणि दुसऱ्याकडे कुणी बघत नाही. एक म्हणजे कधी द्यायचं: नेहमी, वापरताना, की दर वेळी विचारून. दुसरा ‘यूज प्रिसाइज लोकेशन’. तो बंद केला तर अ‍ॅपला साधारण तीन चौरस किलोमीटरचा भाग कळतो, घर कळत नाही. बिंदू चौक, भवानी मंडप, महाद्वार रोड हे सगळं एकाच ठिपक्यात जातं. पावसाळ्यात पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे चढायला लागली की सगळेच हवामानाची अ‍ॅप बघतात. पाऊस बघायला अंदाजे ठिकाण भरपूर होतं. नकाशा, रिक्षा आणि घरपोच सामानाच्या अ‍ॅपला मात्र नेमकं ठिकाण लागतं, तेही वापरतानाच. ‘अलाऊड ऑल द टाइम’ या रकान्यात ‘फाइंड हब’सारखी फोन शोधायची सोय सोडून फारसं काही उरू नये. आणि पुराच्या दिवसांत घरच्यांना आपण कुठे आहोत हे कळावं असं वाटत असेल, तर व्हॉट्सअ‍ॅपचं लाइव्ह लोकेशन पंधरा मिनिटं, एक तास किंवा आठ तासांसाठी देता येतं. वेळ संपली की ते आपणहून बंद होतं.

आता मिक्सरची जाहिरात. अँड्रॉइड १२ पासून कुठल्याही अ‍ॅपनं माइक किंवा कॅमेरा चालू केला की वरच्या उजव्या कोपऱ्यात हिरवा ठिपका येतो. आयफोनवर माइकला नारिंगी, कॅमेऱ्याला हिरवा. सेटिंग्जमधल्या ‘प्रायव्हसी डॅशबोर्ड’मध्ये गेल्या चोवीस तासांत कुणी, किती वाजता माइक वापरला हे वेळेसकट दिसतं. पुढच्या वेळी असं झालं की लगेच तो उघडा. त्या वेळेला कुणाचंच नाव नसेल, तर जाहिरात दुसऱ्या वाटेनं आली. आणि दुसऱ्या वाटा बऱ्याच आहेत: मैत्रिणीनं तिच्या फोनवर मिक्सर शोधला असेल, तुम्ही दोघी एकाच वायफायवर असाल, तुम्ही आठवड्यापूर्वी जार किंवा ग्राइंडर असं काही बघितलं असेल. अशा वाटांना जोडणारा एक मोठा धागा म्हणजे फोनाचा जाहिरात क्रमांक. सेटिंग्जमध्ये ‘अ‍ॅड्स’ शोधा आणि ‘डिलीट अ‍ॅडव्हर्टायझिंग आयडी’ करा. जाहिराती थांबणार नाहीत, पण तुमच्या मागावर राहणं अवघड होईल. आयफोनवर ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’मध्ये ‘ट्रॅकिंग’ आहे, त्यातला ‘अलाऊ अ‍ॅप्स टू रिक्वेस्ट टू ट्रॅक’ बंद करायचा. आणि डॅशबोर्डमध्ये एखाद्या अ‍ॅपचं नाव तुम्ही ते वापरत नसताना दिसलं, तर त्याचा माइक तिथल्या तिथे काढा.

टॉर्चचं किंवा क्यूआर स्कॅनचं वेगळं अ‍ॅप असेल तर काढून टाका. दोन्ही सोयी फोनात आधीच आहेत, वरची पट्टी खाली ओढली की टॉर्च सापडतो. जुन्या अँड्रॉइडमध्ये फ्लॅश कॅमेऱ्याचा भाग धरला जायचा म्हणून टॉर्चला कॅमेऱ्याची परवानगी लागायची. अँड्रॉइड ६ पासून तीही लागत नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं २०१३ मध्ये एका टॉर्च अ‍ॅपवर कारवाई केली होती, कारण ते लोकांचं ठिकाण जाहिरातदारांना पुरवत होतं. मराठी टायपिंगसाठी कुठला तरी कीबोर्ड टाकला असेल, तर तो बसवताना ‘हा कीबोर्ड तुम्ही लिहिलेलं सगळं, पासवर्डसकट, गोळा करू शकतो’ अशा अर्थाचा इशारा आला असेल. तो इशारा मनावर घ्या. फोनसोबत आलेल्या गुगलच्या कीबोर्डमध्ये मराठी आहे, इंग्रजी अक्षरांत लिहून मराठी उमटवायची सोयही आहे. अनोळखी कीबोर्ड नको.

नवं अ‍ॅप घेताना प्ले स्टोअरवर ‘अबाउट धिस अ‍ॅप’ उघडून तळाशी जा. तिथे ‘अ‍ॅप परमिशन्स’ असतात. ‘डेटा सेफ्टी’चा रकानाही वाचा, पण तो अ‍ॅप बनवणाऱ्यानं स्वतः भरलेला असतो, एवढं ध्यानात ठेवून. आणि प्रत्येक अ‍ॅपच्या इन्फोमध्ये ‘पॉज अ‍ॅप अ‍ॅक्टिव्हिटी इफ अनयूज्ड’ चालू राहू द्या. काही महिने न वापरलेल्या अ‍ॅपच्या परवानग्या फोन आपणहून काढून घेतो. काउंटरवर फोन ठेवून चटणी मोजत असाल, तर लॉक स्क्रीनवर ओटीपी दिसू नये म्हणून सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स, ‘नोटिफिकेशन्स ऑन लॉक स्क्रीन’मध्ये संवेदनशील मजकूर लपवा.

जुन्या फोनाचं: आधी व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप नव्या फोनावर नीट उतरलाय का ते बघा. जुन्यात यूपीआय आणि बँकेच्या अ‍ॅपमधून बाहेर पडा. सिम आणि मेमरी कार्ड काढून घ्या. कार्डावरचे फोटो रीसेटनं जातीलच असं नाही. मग सेटिंग्जमधून स्क्रीन लॉक काढा आणि गुगल खातं काढा. हे राहिलं तर पुसल्यानंतरही फोन भाचीकडे तुमचंच जुनं खातं मागत बसू शकतो. त्यानंतर सेटिंग्ज, सिस्टम, रीसेट ऑप्शन्स, ‘इरेज ऑल डेटा’. निम्म्याहून जास्त बॅटरी असताना किंवा चार्जर लावून करा, मध्येच बंद पडायला नको. फोन पुन्हा सुरू होऊन भाषा विचारायला लागला, की तिच्या हातात द्या आणि पहिल्याच दिवशी तिला ‘इन्स्टॉल अननोन अ‍ॅप्स’चं पान उघडून दाखवा.